‘शुक्र है’ला इंग्रजीत काय म्हणतात

औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीला लागून एक कडुनिंब आहे. फेब्रुवारी संपता संपता तो पानं टाकायला लागतो. तीन-चार दिवसांत अख्खं झाड पिवळं होतं आणि मग जरा वारा सुटला की पानं जाळीतून आत येतात, फायलींवर, चहाच्या कपात, माझ्या ओढणीवर. खाली लग्नपत्रिका छापणाऱ्याचं दुकान आहे. तिथून शाईचा आणि नव्या कागदाचा वास जिन्यानं वर चढतो. त्या वासात आमचा हंगाम सुरू होतो. पैठणहून, कन्नडहून, सिल्लोडहून फोन यायला लागतात. मॅडम, यंदाचा फॉर्म निघाला का?

आम्ही गावोगावच्या लहान संस्थांना निधीसाठी अर्ज लिहून देतो. कुणाची मूकबधिर मुलांची शाळा असते, कुणाचं वाचनालय, कुणाचं शिवणकेंद्र. पैसे देणाऱ्या मोठ्या संस्था लांब असतात आणि त्यांचे फॉर्म बहुतेक इंग्रजीत असतात. कुठे अर्ज करावा, कुठे करून उपयोग नाही, काय लिहावं, काय जोडावं, हे आम्ही सांगतो. पुष्कळ लोकांना वाटतं पैसे आम्हीच देतो. जिना चढून येतात, पाणी पितात आणि मोठ्या आशेनं आमच्या लोखंडी कपाटाकडे बघतात. कपाटात जुने अर्ज आहेत, मंजूर झालेले वरच्या कप्प्यात, न झालेले खालच्या तीन कप्प्यांत.

आज सकाळी ऑफिस उघडलं तर उंबऱ्यापाशी पानांचा थर साचला होता. झाडू घेऊन तो लोटताना मला इथला माझा पहिला हंगाम आठवला. शहराचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं, बसवरच्या पाट्यांवर एक नाव आणि कंडक्टरच्या तोंडी दुसरं, असं चाललं होतं. आणि मला लोकांशी बोलायची भीती वाटत होती.

ही भीती म्हणजे किती, ते सांगते. शेअर रिक्षातून मला औरंगपुऱ्यात उतरायचं असायचं. पण ‘इथं थांबवा’ हे तीन-चार अनोळखी माणसांसमोर मोठ्यानं म्हणणं जमायचं नाही. मी गुलमंडीपर्यंत जायचे, दुसरं कुणी उतरलं की उतरायचे आणि परत चालत यायचे. शाळा छावणीतली, इंग्रजी माध्यमाची. तिथे शिस्त म्हणून गप्प बसायला शिकवलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. काही मागणं तर मला कधी जमलंच नाही. पाहुण्यांकडे जेवायला गेले की दुसरी पोळी नको म्हणायचे आणि घरी येऊन बिस्किटं खायचे. आईला वाटायचं मुलीची भूकच कमी आहे.

अशा मुलीला दिवसभर दुसऱ्यांसाठी मागायचं काम मिळालं. ऑफिस जोगदंड सरांचं. त्यांनी बरीच वर्षं खेड्यापाड्यांत संस्थांबरोबर काम केलेलं. त्यांनी माझं इंग्रजीतलं एक पान वाचलं, चष्मा वर सरकवला आणि उद्यापासून ये म्हणाले. बोलता येतं का, हे विचारलंच नाही. मला वाटलं, कागदाशीच तर काम आहे.

आठवड्याच्या आत त्यांनी मला सिल्लोडला पाठवलं.

जळगाव रोडचं काम तेव्हा चालूच होतं. अर्धा रस्ता खणलेला, अर्ध्यावर दोन्हीकडची वाहनं. कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या बसच्या पुढे डुलत चालल्या होत्या आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले होते. लांबून मला ती फुलंच वाटली. फुलंब्री सोडल्यावर मी वही काढली आणि विचारायचे प्रश्न मराठीत लिहून पाठ करायला लागले. माझं मराठी घरातलं. शाळेत ते दुसरी भाषा होतं, बोलायला पुरेल एवढं. ‘आपल्यासमोरील प्रमुख समस्या कोणत्या?’ असं एक वाक्य लिहिलं आणि ते कुणाला तोंडावर कसं म्हणायचं, या विचारात सिल्लोड आलं.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून एक पत्र्याची मोठी खोली होती. दारावर पाटी होती, पाळणाघर. पण मोंढ्यात कुणालाही विचारलं तर ते आपाची खोली म्हणायचे. शमीमआपा म्हणजे उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. साठीच्या पुढच्या, बारीक, पांढऱ्या ओढणीतल्या. त्यांच्या जोडीला मंदाताई, स्वयंपाक, झाडलोट, झोके देणं, सगळं बघणाऱ्या. दोघींमध्ये मिळून तीसेक लेकरं. आया जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका काळपट कापूस, आणि कचरा निवडायच्या नाहीतर मोंढ्यात मक्याची पोती भरायच्या. खोलीत जुन्या साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या, एका रांगेत सहा. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि लेकरांच्या केसांत अडकत होते, त्यामुळे सगळी थोडी थोडी म्हातारी दिसत होती.

खोली निघायच्या आधी काय व्हायचं, ते मला मंदाताईंनी नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं. रांगतं पोर आई लुगड्याच्या टोकानं वजनकाट्याच्या खांबाला बांधून ठेवायची. पोर त्या टोकाएवढं गोल फिरायचं. एकदा कुणाची गाठ सुटली आणि ट्रॉली मागे घेताना पोराच्या पायावरून चाक गेलं. पोर वाचलं. त्यानंतर आपांनी स्वतःच्या ओळखीनं ही खोली मिळवली. एका कुटुंबाच्या ट्रस्टनं तीन वर्षं मदत केली. ती मुदत आता मार्चमध्ये संपत होती, आणि आम्ही दुसऱ्या एका मोठ्या संस्थेकडे नवा अर्ज करणार होतो. तो मंजूर झाला नाही तर मे महिन्याअखेर खोली बंद करावी लागणार होती आणि लेकरं परत काट्याच्या खांबापाशी जाणार होती.

हे सगळं मला माहीत असायला हवं होतं पहिल्याच दिवशी. पण पहिल्या दिवशी मी वही उघडून चटईवर बसले, पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि आपा हसून म्हणाल्या, शुक्र है बेटा, काही समस्या नाही.

मी पुढचा प्रश्न विचारला. लेकरांच्या खाण्यापिण्याचं कसं? शुक्र है. जागा पुरते का? शुक्र है. तुम्हा दोघींवर फार ताण येतो का? आपांनी मंदाताईंकडे बघितलं, मंदाताईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, तसं काय नाय, भागतंय. मग त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले. संध्याकाळच्या बसमध्ये वही उघडून बघितली तर पानभर एकच शब्द होता. अर्जात पहिलाच मोठा रकाना होता, गरज मांडा. पाचशे शब्द.

मला आपांचा थोडा रागच आला होता. पण खिडकीशी बसून विचार करताना मला कळलं की मला कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तर मीही ‘बरी’ म्हणते आणि विषय मिटवते. फरक एवढाच की माझं ‘बरी’ दार लावून घेण्यासाठी असतं. आपांचं ‘शुक्र है’ तसं नव्हतं. त्यात समोरच्याला बसायला जागा दिल्यासारखं काहीतरी होतं. घरी आलेल्या माणसापुढे आधी पाणी ठेवावं, तसं त्या ते ठेवत होत्या. पाहुण्याला आल्या आल्या आपली दुखणी कोण सांगतं?

सरांनी वही बघितली आणि ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "अडचण काय आहे, असं कुणाला विचारायचं नसतं. लोक कचरतात, किंवा मग सरकारी माणूस समजून रडतात. काल काय झालं ते विचार. सकाळपासून."

हे त्यांनी मला दिलेलं पहिलं शिक्षण. पुढे मी निधीवरची बरीच जाड पुस्तकं वाचली, कार्यशाळा केल्या, पण याच्यापुढचं फार काही कुणी सांगितलं नाही.

मी परत गेले. या वेळी आठ दिवस. रोज पहिल्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं. मंदाताई मसूर निवडत बसल्या की मी समोर बसायचे आणि म्हणायचे, काल सकाळी किती वाजता उघडलं? मग बोलणं आपोआप पुढे सरकायचं. काल सात वाजताच दोघी जणी लेकरं घेऊन दारात उभ्या होत्या. दूध अकरालाच संपलं, मग आपांनी कुणाच्यातरी हातून आणखी मागवलं. कुणाच्या पैशानं? आपाच्या. परवा? परवा बी. खोली पाचला बंद करायची, पण जिनिंग सातला सुटतं, मग काय लेकरं रस्त्यावर सोडायची व्हय? डिसेंबरपासून मंदाताईंनी मानधन घेतलेलं नव्हतं. हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं की मागच्या महिन्यात मानधन कधी मिळालं, तर त्या मसुरातला खडा उचलून लांब फेकत म्हणाल्या, मिळल की. भाडं, दूध, मंदाताईंच्या हातावर अधूनमधून ठेवलेली नोट, हे सगळं आपांच्या पेन्शनमधून चाललं होतं. ट्रस्टचे पैसे आधीच आटत आले होते.

त्या आठ दिवसांतलं मला काय काय आठवतं. दुपारी तीनच्या सुमाराला सगळी लेकरं झोपली की जिनिंगचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटायचा. पत्रा तापून टकटक करायचा. आपा झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसायच्या आणि पाय हलवत हलवत जुनं उर्दू मासिक वाचायच्या. एक मुलगी होती, अडीच-तीन वर्षांची. ती माझ्या पेनकडे बघत राहायची, पण मागायची नाही. मी दिलं तरी घ्यायची नाही. आम्ही दोघी एकमेकींना बरोबर ओळखून होतो.

मी अर्ज लिहिला. इंग्रजीत मी मोकळी असते. तिथे मला कुणी ऐकत नसतं. गरजेचा रकाना भरला, मंदाताईंचं मानधन लिहिलं, सात वाजेपर्यंत थांबणं लिहिलं, आणि एक वाक्य मला फार आवडलं होतं, की ही जागा आज एका निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवर उभी आहे. मग सरांच्या नियमाप्रमाणे तो अर्ज मी दोघींना मराठीत वाचून दाखवला. ज्यांच्या नावानं मागतो त्यांनी ते ऐकलेलं असलं पाहिजे, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे. मंदाताईंना आपलं नाव इंग्रजीत बघून गंमत वाटली. आपा शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ते पेन्शनचं काढ.

मी का म्हणून विचारलं.

"मी ते सांगायसाठी घातले नाय बेटा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. आवाजात राग असता तरी मी वाद घातला नसता म्हणा. मी ते वाक्य काढलं. त्यामुळे अर्जात एक भोक पडलं. पैसे संपत आलेत, तरीही सगळं चालू आहे, आणि ते कसं चालू आहे याला उत्तर नाही. सरांनी ते वाचलं, भुवई उडवली, पण आपांनी सांगितलंय म्हटल्यावर तसंच जाऊ दे म्हणाले.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. मग पत्र आलं की त्या संस्थेची माणसं प्रत्यक्ष काम बघायला येतील. मी हे सिल्लोडला जाऊन सांगितलं. मंदाताई म्हणाल्या, म्हणजे बघायला येणार व्हय आपल्या खोलीला? मग पोहे करू का आन आपाला नवी साडी नेसवू का? आपा म्हणाल्या, मला नक्को, या पोरीला नेसव, एका खर्चात दोन कामं होतील. त्यावर दोघी माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की झोळीतली दोन लेकरं उठली. घरी आई त्या वर्षी माझ्या लग्नासाठी फोनवर ‘प्रस्ताव’ हा शब्द फार वापरायची, ते मी चुकून मंदाताईंना सांगून बसले होते.

रमजान लागला होता. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती आणि ऊन कडक होत चाललं होतं. निधी देणाऱ्या संस्थेच्या नंदिनी मॅडम आल्या, पन्नाशीच्या, शांत, सुती कुर्त्यातल्या. रस्त्यानं खूप हाल झाले होते, पण आल्या आल्या चप्पल काढून लेकरांमध्ये खाली बसल्या. मला त्या आवडल्या. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी बेताचं. म्हणून दुभाषी मी. आपांनी त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवलं होतं. स्वतःचा रोजा असल्यामुळे त्या ग्लास पुढे करून बाजूला बसल्या. मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्या संकोचल्या, तर आपांनीच त्यांना आग्रह केला, उन्हातून आलात, प्या.

सगळं नीट चाललं होतं. मग मॅडमनी वही मांडीवर घेतली आणि माझ्यामार्फत विचारलं, समजा आम्ही मदत करू शकलो नाही, तर जूनपासून या खोलीचं काय होईल?

आपा हसल्या. "शुक्र है मॅडम, अल्लाह चला रा. आगे बी चल जाता."

नंदिनी मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. मला माहीत होतं की हे उत्तर नाही, हे सरबतासारखंच आहे, पाहुण्याला दिलेलं. मला काल, परवा, डिसेंबरपासून, सगळं माहीत होतं. पण दुभाष्यानं आपलं काही घालू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते मला फार सोयीचं वाटलं. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. देवाच्या कृपेनं चालू आहे, पुढेही चालेल, असं त्या म्हणतात. मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांचं पेन कागदावर थोडा वेळ थांबलं आणि मग त्यांनी पान उलटलं. कोपऱ्यात मंदाताई उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पान उलटलेलं त्यांना कळलं. मला तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आठवड्यानं मेल आला. मृदू भाषेतला, जसे ते असतात. काम पाहून फार आनंद झाला. मात्र केंद्राकडे अन्य साधनं असावीत असं भेटीत जाणवलं. ज्यांना पर्यायच नाही अशांना आम्ही प्राधान्य देतो. अंतिम निर्णयाआधी आपल्याला काही स्पष्ट करायचं असल्यास तीन दिवसांत कळवावं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. कुणी खोटं बोललं नव्हतं. आपांनी त्यांच्या पद्धतीनं पाहुण्यांचा मान राखला होता, मॅडमनी ऐकलं ते लिहिलं होतं, आणि मी मधे बसून प्रत्येक शब्द बरोबर सांगितला होता.

सरांना मी सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, असेल, पण आधी बस पकड.

त्या दिवशी बस फुलंब्रीजवळ तासभर अडकली. उन्हात डोंगर फिके दिसत होते. काय बोलायचं ते मी पाठ करत होते आणि दर वेळी वाक्य अर्ध्यावर मोडत होतं. खोलीत पोचले तेव्हा दुपारची झोपेची वेळ होती. मी मेल मराठीत सांगितला. मग सांगितलं की मी त्या दिवशी गप्प बसले. आणि मग म्हटलं, आपा, पेन्शनचं लिहावं लागेल. नाहीतर ते नाही म्हणतील.

आपा झोका देत होत्या. पाय थांबला नाही. रोज्यानं त्यांचे ओठ कोरडे पडले होते. म्हणाल्या, मी माझ्या तोंडानं कसं सांगू की चालत नाही? इतके दिवस चाललं ते कुणी चालवलं? ही ना-शुक्री होईल. उपकार विसरल्यासारखं. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, ही तर अडचण होती.

मंदाताई दाराशी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आपा, बरं चाललंय, हे तुम्ही वर सांगा. तिथं बरुबर हाय. पर कसं चाललंय, हे या पोरीला लिहू द्या. तुमचं शुक्र तुमच्यापाशी ऱ्हाईल. लेकरं कुठं ऱ्हातील?"

आपांशी असं कुणी बोलत असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. झोळीतल्या लेकराच्या केसांतला कापसाचा तंतू काढला. मग मला विचारलं, याला काय म्हणतात, तू लिहितेस त्याला? मी म्हटलं, अर्ज.

"अर्ज आमचा शब्द आहे," त्या म्हणाल्या. शाळेत शिकवत असाव्यात तसं. अर्ज म्हणजे मोठ्यांसमोर आपलं म्हणणं ठेवणं. शायरसुद्धा शेर म्हणण्याआधी अर्ज करतो, तेव्हा तो काय भीक मागतो? मग पायाच्या अंगठ्याची दोरी सोडून त्या सरळ बसल्या आणि म्हणाल्या, लिही.

त्यांनी सांगितलं ते मी आधी मराठीत उतरवलं. ही खोली मी चालवते, कारण मला चालवावीशी वाटते. माझ्या पेन्शनमधून भाडं आणि दूध भागतं. मंदा चार महिने मानधनाशिवाय येते. माझं वय झालं आहे, माझ्यानंतर पेन्शन येणार नाही. मे महिन्यापर्यंत मी ओढीन. जूनपासून आम्हाला जमणार नाही. सहाच वाक्यं. ‘जमणार नाही’ म्हणताना त्या थांबल्या, पण म्हणाल्या. मी इंग्रजी केलं, त्यात एकही शब्द शोभेचा घातला नाही. त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितलं. इंग्रजी त्यांना थोडंच कळायचं, तरी मान तिरकी करून ऐकलं.

मेल नुसता पाठवून भागणार नाही, फोन कर, असं सरांनी बजावलं होतं. मी खोलीबाहेर भिंतीच्या सावलीत उभी राहिले. पलीकडे मक्याचा ढीग, त्यावर दोन बायका फावड्यानं मका ओढत होत्या. नंबर दोनदा चुकला. नंदिनी मॅडमनी उचलल्यावर मी आधी पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, की त्या दिवशी मी तुम्हाला शब्द सांगितले, अर्थ सांगितला नाही. ‘शुक्र है’ हे आमच्याकडे प्रश्नाचं उत्तर नसतं. ते उत्तराच्या आधी म्हणायचं असतं. उत्तर द्यायला आपा थांबल्या होत्या आणि मी त्यांना पुढे विचारलंच नाही. मग मी त्यांना सहा वाक्यं वाचून दाखवली.

मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे बऱ्याच फायली आहेत आणि बहुतेकांना मला नाहीच म्हणावं लागतं. त्यामुळे कुणी चालेल म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटतं. हे तू सांगितलंस ते बरं केलंस. हे त्या का बोलल्या, मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही कुणी काल काय झालं, ते विचारत नसेल.

एवढ्यात आपा दारात आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"मॅडम, कब तक बताते? बच्चों की मावां को बोलना है मेरे को."

लेकरांच्या आयांना सांगायला त्यांना तारीख हवी होती. इतक्या दिवसांत त्यांनी देणाऱ्या माणसाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

ईद झाली. शिरखुर्म्याचा डबा घेऊन मी सिल्लोडहून परतले तेव्हाही काही कळलं नव्हतं. त्या दिवसांत मी ऑफिसमध्ये मेल उघडायला घाबरायचे आणि मिनिटामिनिटाला उघडायचे. कडुनिंबाला मोहर आला होता. त्याचा तो मधासारखा, किंचित कडसर वास दुपारी खिडकीतून आत यायचा आणि खालच्या शाईच्या वासात मिसळायचा. सर दुसऱ्या संस्थांच्या फायली माझ्यापुढे टाकत राहिले. वाट बघत बसणं हे आपलं काम नाही, म्हणाले. पण स्वतःच दिवसातून दोनदा विचारायचे, आलं का काही?

एप्रिलच्या मध्यावर आलं. मंजूर. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, आणि तीन वर्षांऐवजी एकच वर्ष. पण मंदाताईंचं मानधन त्यात पूर्ण होतं, आणि संध्याकाळी सातपर्यंत थांबायला आणखी एक बाई. मी फोन केला नाही. पुढची बस पकडली. वाटेत कंडक्टरला सांगून मोंढ्याच्या तोंडाशीच बस थांबवायला लावली. उतरल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

आपांनी कागद बघितला, मंदाताईंच्या हातात दिला आणि चप्पल घातली. चल म्हणाल्या. जिनिंगच्या आवारात बायका कापसाच्या ढिगाभोवती बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधून. आपांना बघून कुणी फडकं खाली केलं, कुणी तशीच बघत राहिली. आपांनी फार मोठ्यानं सांगितलं नाही. म्हणाल्या, जूनमधी बी खोली उघडी ऱ्हाईल. लेकरं आणा.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यापैकी एक, मांडीवर कापसाची रास घेतलेली, म्हणाली, "आन दिवाळीला?"

"दिवाळीला बी."

"आन पुढच्या साली?"

हाच प्रश्न फॉर्ममध्येही होता. निधी संपल्यावर काम कसं टिकेल? त्या रकान्यात मी लोकसहभाग, स्थानिक संसाधनं असं बरंच काही लिहिलं होतं आणि लिहिताना मला त्यातलं एकही अक्षर खरं वाटलं नव्हतं.

आपा त्या बाईजवळ उकिडव्या बसल्या. तिच्या राशीतली एक काळी कवडी उचलली आणि बाजूला टाकली.

"पुढच्या साली परत मागू," त्या म्हणाल्या.

त्या बाईला ते पुरेसं वाटलं. तिनं फडकं तोंडावर ओढलं आणि कामाला लागली.